मळीतलं तेल

"खरं कशावरून?" असं विचारून ते चष्मा कपाळावर चढवत, की समजावं, आता आपली उलटतपासणी. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कोपरगावकडच्या आमच्या साखर कारखान्यात ते केमिस्ट होते आणि मी त्यांच्या हाताखाली. होणाऱ्या जावयाचं डिग्रीचं सर्टिफिकेटसुद्धा त्यांनी उजेडात धरून पाहिलं होतं!

दुष्काळाचे दिवस. गोडेतेलाला रांगा. आणि या गृहस्थाने मनावर घेतलं, की ओढ्यात सोडून देतो त्या मळीच्या पाण्यावर पिंपात एका जातीचं यीस्ट पोसायचं. ते अंगात चरबी धरतं, तिचं तेल काढायचं. गावाने ठरवूनच टाकलं, साहेब दारू गाळतात. मीही एकदा पिंप हुंगून आलो.

चेअरमननी हंगामापुरती मुदत दिली. तेल निघालं तर पिंपाच्या खोलीची प्रयोगशाळा, नाहीतर खोली बारदानाला.

आणि तेल निघालं! चांगलं वाटीभर. चेअरमननी पेढे मागवले. साहेब मात्र पेढा हातात धरून बसून राहिले. "इतकं कसं निघालं हो?" त्यांनी बोटावर थेंब घेऊन हुंगला आणि पिंप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. हा पूर्वीचा गुऱ्हाळावरचा गुळव्या.

"बाबा, पिंपात काही टाकलंत?"

"व्हय की. फेस लई चढत हुता. रोज थोडं गोडंतेल सोडलं. गुळाच्या काहिलीत आमी सोडतोच न्हवं?"

"साहेब, गप्प बसा," मी कुजबुजलो. ते तडक चेअरमनकडे गेले. "तेल शेंगदाण्याचं आहे. चूक माझी." म्हाताऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

पुढचं पिंप त्यांनी स्वतः राखलं. फेस हाताने उपसला. या खेपेला तेल आलं ते काचेच्या नळीच्या बुडाशी, नखाएवढं. पुन्हा पुन्हा तपासून शेवटी म्हणाले, "हे आपलं."

चेअरमननी नळी पाहिली. "या वेळी कुणी टाकलं, साहेब?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. खोटं तेल ज्याने स्वतः उघडं पाडलं, त्याच्यावरच संशय? आठवड्याभरात खोलीत बारदान येऊन पडलं.

हंगाम संपला आणि ते नोकरी सोडून नाशिकला निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. एसटीत बसले तेव्हा त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता. आत ती नळी. कंडक्टरला पैसे त्यांनी डाव्या हाताने दिले.