ताप नसला तरी

परवा दुपारी हिंगोलीतल्या घरी एकटाच बसलो होतो. आरोग्य खात्याच्या आशाताई तापाच्या सर्वेला आल्या. "काका, ताप वगैरे काही?" एवढंच विचारलं... आणि क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

धडधाकट माणसाला असं का वाटावं, ते सांगतो.

नव्वदच्या दशकात मी आरोग्य कर्मचारी होतो, काम हिवतापाचं. दर पंधरा दिवसांनी सायकलवर घरोघरी जायचं आणि ताप आला का विचारायचं. नाही म्हटलं की भिंतीवर तारीख टाकून पुढे. हो म्हटलं की बसायचं, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या.

वसमतकडच्या एका बंजारा तांड्यावर दिवाळीनंतर कुलपंच कुलपं असत. सगळे ऊसतोडीला जायचे, म्हातारी माणसं तेवढी मागे. टोकाच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मीही तेच म्हणायचो.

"याडी, ताप?"

"आला की. लई आला."

दर खेपेला हेच. रक्तात मात्र काहीच निघायचं नाही. लॅबवाला म्हणायचा, तुमची म्हातारी आमच्या सगळ्या काचा संपवणार.

एकदा तिच्या कोनाड्यातला डबा लवंडला आणि माझ्या गोळ्या जमिनीवर पसरल्या. एकही खाल्लेली नव्हती.

"ताप न्हाई तर कशाला खाऊ? कडूजहर हायत."

"मग आला म्हणून काहून सांगता?"

ती गोळ्या वेचत राहिली. मग म्हणाली, "न्हाई म्हणलं की तुमी भिताडावर लिवता आन जाता. व्हय म्हणलं की बसता."

खोटं सांगू नका म्हणून वरवर रागावलो आणि निघालो. पण रस्ताभर तेच वाक्य डोक्यात...

माझं तरी काय वेगळं होतं? बायको-मुलं गावाकडे, मी वसमतला भाड्याच्या खोलीत. खानावळीतल्या मावशी 'अजून एक पोळी?' विचारायच्या, तेवढंच दिवसातलं घरगुती बोलणं.

पुढच्या खेपेला याडी दारातच बसली होती. "ताप?" "न्हाई." मी तारीख टाकली, सायकल वळवली... आणि परत स्टँडवर लावली. सर्वेत चहाला थांबायची पद्धत नव्हती, पण लवकर खोलीवर जाऊन मी करणार काय होतो? म्हटलं, "याडी, चहा ठेवता का?"

तिनं काळा चहा केला. कप घेताना बोटांना बोटं लागली. तिचं अंग नुसतं भाजत होतं.

"अहो, ताप आहे की तुम्हाला. नाही का म्हणालात?"

"मागं रागावले तुमी. म्हणलं, आता खरं सांगितलं तरी खोटंच वाटंल."

रक्त घेतलं. भाकरीचा तुकडा खायला लावून समोरच गोळ्या दिल्या. या वेळी हिवताप निघाला. त्या सुन्या तांड्यावर ती अंथरुणाला खिळली असती, तर तोंडात पाणी घालायलाही घरात कुणी नव्हतं.

उरलेल्या गोळ्या द्यायला रोज गेलो. तेव्हा दिसलं, बंद घरांपुढचे रांजण अवकाळी पावसाच्या पाण्याने भरलेले आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत. माणसं गेली होती, डास मजेत नांदत होते. ते सगळे उपडे केले. बरी झाल्यावर ते काम याडीनंच घेतलं. आठवड्यातून एकदा तांडाभर फिरून साचलेलं पाणी ओतायची. मी गेलो की सगळं दाखवायची, 'ताप न्हाई' सांगायची आणि चहा ठेवायची.

याडी जाऊन बरीच वर्षं झाली. आता माझी बायकोही नाही, मुलं पुण्याला. घर मोठं आहे, आवाज फक्त पंख्याचा.

परवा आशाताईंना मी खरं तेच सांगितलं, ताप नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि वळल्या. मग मीच म्हणालो, "ताई, चहा घेता का?" घाईत होत्या बिचाऱ्या... पण बसल्या.

कुणी घडीभर बसावं म्हणून याडीला ताप सांगावा लागायचा. मला नुसतं 'चहा घेता का' विचारता आलं, ते तिच्यामुळे.