दुर्बिणीला पालक लागतो

बार्शीटाकळीच्या फलाटावर मला पोचवायला अर्धी वस्ती आली होती, आणि मी नेमकं काय शिकायला चालले आहे हे त्यांतल्या एकालाही धड सांगता येत नव्हतं. बाबा रस्त्याच्या कामावर मजूर. ते सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, "पोरगी चांदण्यायचं शिकाले जाऊन राहिली." हिवरखेडची मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "काय करशीन व सुमन चांदण्या शिकून? भाकरीवर घेशीन?" सगळे हसले. मीही हसले. गाडी हलली तशी माय खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालली आणि म्हणाली, "पोटभर खात जाय. अन् दिवे लागल्यावर बाहेर राहू नको."

वाशीम गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जे शिकायला निघाले होते ते दिवे लागल्यावरच सुरू होतं. मायला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मागे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पण खरं म्हणजे डोळ्यांसमोर कमल आहे. अमरावतीला राजापेठेत एका खोलीत आम्ही दोघी राहायचो, बी.एस्सी. करायचो आणि फावल्या वेळात पत्रकं काढायचो. फावला वेळ म्हणजे अभ्यासाचा वेळ, हे आता लिहायला हरकत नाही. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, अशी बोंब उठली होती ते दिवस आठवा. घरोघर होम, शाळांना पोरं गैरहजर, तुपाचा धूर. आम्ही चौकात उभ्या राहून पत्रकं वाटत होतो. एका दुकानदारानं पत्रक घेतलं, त्यात पुडी बांधली आणि विचारलं, "धर्म बदलला तं ग्रह बी बदलले काय व तुमचे?" कमल म्हणाली, "आमचे ग्रह आमी छप्पन साली नागपूरले सोडून आलो. तुमाले पाहिजे असतीन तं घेऊन या." तो दुकानदार नंतर आम्हाला उधार शाई देऊ लागला.

जग बुडलं नाही. ऊन पडलं, शाळा भरल्या. पण मला एक गोष्ट टोचत राहिली. होम करणाऱ्यांनी ते ग्रह पाहिले नव्हते. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्या आम्हीही पाहिले नव्हते. आमच्या प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, सगळे सूर्याच्या उजेडात बुडालेत, दिसणार नाहीत. म्हणजे अख्खा जिल्हा न दिसणाऱ्या गोष्टीवरून भांडत होता! आणि इतर दिवशी तरी काय? त्यांतला एकही ग्रह मला बोटानं दाखवता आला नसता. चिडून मी ग्रंथालयातली खगोलाची पुस्तकं वाचायला घेतली. चीड केव्हा संपली आणि कुतूहल केव्हा सुरू झालं ते कळलं नाही.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. दक्षिणेतलं एक शहर, एवढं पुरे. जो नियम मी सांगणार आहे तो देशातल्या हजार दारांवर आहे, एकाच दारावर कशाला चिकटवू?

पहिले महिने मी नुसती चकित होते. जेवणात भात, भातावर सांबार, मग ताकात पुन्हा भात. भाकरी मागितली की वाढपी माझ्याकडे दयेनं बघायचा. कानावर तेलुगू, कागदावर इंग्रजी, आणि बाजारात अशी हिंदी की वऱ्हाडी माणसाला पटकन कळावी. पत्रांत नवे शब्द घुसायला लागले: डोम, प्लेट, एक्स्पोजर. कमलनं उलट विचारलं, "एक्स्पोजर म्हणजे काय गं? उघडं पडणं? मग ते इथं आमचं रोजच होतं."

प्लेट म्हणजे आकाशाचा काचेवरचा फोटो. तो उलटा असतो, आकाश पांढरं आणि तारे काळे. चुन्याच्या भिंतीवर मिरपूड उडावी तसं. मला ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी मी जेवायला गेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवायची, स्क्रू फिरवत एकेका काळ्या ठिपक्यावर रेघ आणायची, आकडा लिहायचा. एकदा बाबांच्या तरुणपणी कोणीतरी घेतलेली एक काच आणि नवी काच अशा दोन्ही मोजल्या, तर एक तारा केसभर सरकला होता. मी चारदा मोजला. सरकलाच होता. ज्याला आपण जन्मभर जागचा हलत नाही म्हणतो तो चालला होता, कुठं ते मला अजून समजायचं होतं. त्या दिवशी मी वसतिगृहात येऊन दिसेल त्या मुलीला हे सांगितलं. एकीनं विचारलं, "मग आता काय होणार?" मी म्हटलं, "काही नाही. पण सरकला ना!"

हे सगळं दिवसा. रात्रीचं मला बंद होतं. वेधशाळेच्या दारावर टंकलेला कागद होता: सूर्यास्तानंतर विद्यार्थिनींना प्रवेश नाही. वर्गात आम्ही तिघं, दोन मुलगे आणि मी. त्यांतला एक अंधाराला इतका भ्यायचा की घुमटात शिरताना मोठ्यानं गाणं म्हणायचा. त्याला पालक लागत नव्हता. आणि परीक्षेला बसायचं तर स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेले वेध लागत होते. ते नसतील तर पदवी नाही. म्हणजे प्रवेश द्यायचा, फी घ्यायची आणि दुर्बीण बघू द्यायची नाही. पोहायला शिकवतो म्हणायचं आणि विहिरीला झाकण घालायचं!

मी जे येत होतं ते केलं. पत्रक काढलं. त्याच वर्षी रशियाची एक बाई एकटी अवकाशात जाऊन पृथ्वीभोवती फिरून आली होती. मी लिहिलं, "तिच्यासोबत यानात मामा बसला होता काय?" आणि कँटीनच्या भिंतीला चिकटवलं.

विभागप्रमुखांनी बोलावलं. सभ्य माणूस, हीच अडचण. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कॉफी मागवली, पत्रकातलं माझं इंग्रजी दोन ठिकाणी सुधारलं आणि म्हणाले, "तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला माझ्या भरवशावर पाठवलंय. पालक हजर असल्यास परवानगी देता येईल." बार्शीटाकळीहून कोणी रोज संध्याकाळी येऊन बसणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी म्हटलं, मी गुन्हेगार नाही, माझ्यावर पहारा नको. कॉफी तशीच ठेवून उठले आणि घरी चार पानं रागाची लिहिली. बोलावणं त्यात नव्हतं. नुसती फणफण होती.

कापूस फुटायच्या थोडं आधी माय वसतिगृहाच्या फाटकाशी उभी. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात जवारीचं पीठ.

मला रडूही आलं आणि रागही. मी म्हटलं, "माय, तू काहून आली? तू आली म्हणजे त्या सायबाचंच खरं झालं. पोरीले राखण लागते म्हणते तो."

"म्हणू दे. मी राखाले नाही आली."

"मंग?"

"तुया बाबानं पत्र वाचून दाखोलं. चार पानं राग. त्या नळीतून काय दिसते, थे एका ओळीत बी नाही. मले थे पाहाचं हाय."

मी म्हटलं, "मी बी नाही पाहिलं अजून."

"तं चाल ना. दोघी पाहू."

"अन् दिवे लागल्यावर बाहेर राहू नको, कोण म्हणत होतं?"

"थे तुले म्हटलं होतं," माय म्हणाली, "मले नाही."

त्या संध्याकाळी प्रमुख स्वतः थांबले. पालकासाठी दाराशी एक स्टूल ठेवलं होतं. माय त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून माझ्या मागं रांगेत उभी राहिली, त्या गाणं म्हणणाऱ्या मुलाच्या पुढं. घुमटाची फट उघडली तशी ती दचकली आणि हसली. दुर्बीण शनीवर लावली होती. आधी मी पाहिलं. काय सांगू? इतका लहान आणि इतका रेखीव, की भिंगावर कोणी चित्र चिकटवलंय असं वाटून मी समोर जाऊन भिंग बघून आले. मुलगे खिदळले. मग माय वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"हाच का थो शनी?"

"हाच."

"तेल वाहतात थो? साडेसातीवाला?"

"तोच, माय."

तिनं पुन्हा डोळा लावला. "एवढा साजरा गडी! मंग याची बदनामी काहून केली व?"

प्रमुखांनी विचारलं, आई काय म्हणतात? मी इंग्रजी केलं. 'साजरा' म्हणजे देखणा, त्याचं इंग्रजी माझ्याच्यानं नीट झालं नाही, पण पोचलं. ते हसले, आणि मग हसू मध्येच थांबलं. म्हणाले, "माझी आई दर शनिवारी उपास करते. तिनं हा कधी पाहिला नाही."

"का नाही?" मी विचारलं. उद्धटपणा नव्हता, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

माय कापूस फुटेपर्यंत राहिली. रोज घुमटात यायची, बघायची, प्रश्न विचारायची आणि सतरंजीवर घोरायची. ती गेल्यावर मी प्रमुखांकडे गेले आणि विचारलं, "माय गेली. आता?" ते म्हणाले, "येत राहा. नोंदीत पालक हजर असं लिहीत जा." त्यांना वाटलं त्यांनी मला वाट काढून दिली. मला ते जास्त लागलं. माझी माय शेतात कापूस वेचणार आणि कागदावर माझी राखण करणार! मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही, नियम काढा. कमलनं कळवलं, "अगं लिही ना, दोन शब्दांनी काय जातं?" दोन शब्दांनी माझ्यामागून येणारी पोरगी जाते, असं मी तिला कळवलं. आणि पुन्हा प्लेटच्या खोलीत जाऊन बसले. शनी रोज थोडा पश्चिमेला कलत होता. परीक्षेपुरते वेध अजून झाले नव्हते. वर्ष जाणार याची मला खात्री वाटायला लागली होती, आणि घरी काय सांगायचं हे सुचत नव्हतं.

मग एका संध्याकाळी प्रमुखांच्या घरून निरोप आला, वेधशाळेत या. मी गेले तो वेधशाळेच्या पायरीवर रेशमी साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या, शेजारी त्यांचा हा मोठा मुलगा, आमचे प्रमुख, हात कुठं ठेवावे हे न कळून उभे. मला म्हणाले, "आई माझं ऐकत नाही. म्हणते, दुसऱ्या कोणीतरी दाखवावं. तुम्ही दाखवाल?" सूर्य बुडाला होता. माझा पालक तीनशे मैलांवर. मी दुर्बीण लावली, आजीबाईंचा चष्मा काढला, त्यांचं डोकं हातांनी योग्य जागी धरलं. त्या तेलुगूत काय पुटपुटल्या ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर तो कागद नव्हता. माझ्या पत्रकानं तो पडला असं लिहायला मला फार आवडलं असतं. वेध पूर्ण झाले, पदवी मिळाली. आता याच विभागात संशोधन करते आणि माझ्यानंतर आलेल्या दोघी मुली घुमटाची किल्ली कोणाला न विचारता घेतात. तो कागद इथं होता हे त्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

परतायचं का, हा प्रश्न बाबांच्या पत्रांत पूर्वी असायचा. आता दुसराच असतो. मायनं वस्तीतल्या बायांना शनीचं सांगून ठेवलंय, आणि पावसाळा संपला की त्या तिच्या दाराशी येतात. "शनी औंदा कोण्या बाजूले हाय, थे कळव. बाया विचारून राहिल्या." उत्तर द्यायला मला इथलं आकाश चालत नाही. बार्शीटाकळीचे अक्षांश-रेखांश घ्यावे लागतात, तिथली संध्याकाळ, तिथलं क्षितिज, आमच्या गल्लीच्या तोंडाचा लिंब किती उंच झाला असेल याचा अंदाज. इतकी वर्षं जे गाव मी नुसतं सोडलं म्हणत होते, त्याच्या मधोमध उभं राहून मी दरवर्षी वर बघते. तुम्ही निघून गेलेल्यांनी आपापलं असं काही शोधलं असेल, तर मला कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.

यंदा मी लिहिलं, दिवे लागल्यावर उगवतीला, लिंबाच्या उजव्या अंगाला, न लुकलुकणारी पिवळसर चांदणी. बाबांचं उलट टपाली पत्र आलं, मायनं सांगितलेली एक ओळ.

"तू सांगतलं थितीच हाय."