चांदीचा बदाम

लंडनच्या कडेला असलेल्या हॅरोमधल्या त्या घरात मी जवळजवळ दोन वर्षं राहिले. पण आता आठवायला बसलं की घराच्या आधी तळं आठवतं. ते मी कधी पाहिलेलं नाही. ते इटलीच्या उत्तरेला, ओर्ता नावाच्या जुन्या गावापाशी आहे. माझी त्याची ओळख झाली ती हॅरोच्या एका स्वयंपाकघरात, ओल्या कोटाच्या आणि शिजणाऱ्या टोमॅटोच्या वासात.

घर एका इटालियन बाईंचं होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा एडिनबराला हॉस्पिटलात नोकरीला. मी त्यांना सिन्योरा म्हणायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांची, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेली. मुलाची वरची जुनी खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. शेजारणीला माझी ओळख करून देताना त्या 'माय लॉजर', म्हणजे माझी भाडेकरू, म्हणायच्या, आणि मला उगाच लॉजवर उतरल्यासारखं वाटायचं. माझ्या लेखी मी पीजी होते. पुण्यात माझ्या निम्म्या मैत्रिणी पीजी होत्या.

पहिल्याच दिवशी कपाट उघडलं तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक बदाम लटकत होता. तळहातात मावेल एवढा, पत्र्यासारखा पातळ, काळपट पडलेला. वर एक कडी होती आणि मधोमध तीन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. पी. जी. आर. पेइंग गेस्ट रूम. किती टापटिपीची बाई, असं मनात आलं. मैत्रिणींच्या पीजीत प्रत्येक किल्लीला असाच पितळी बिल्ला असायचा. मी किल्ली त्या कडीत अडकवली आणि खिशात टाकली. या देशात पेइंग गेस्ट असं कोणीच म्हणत नाही, हे तेव्हा मला सुचलं नाही. आणि सिन्योरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना माझ्या किल्लीचा नुसता आवाज ओळखू यायचा.

संध्याकाळी मेट्रोपॉलिटन लाइनने परत आले की त्या मला स्वयंपाकघरात बसवून घ्यायच्या. मी फारसं बोलत नाही याचा त्यांना त्रास नव्हता, उलट सोयच होती. त्या बोलायच्या आणि मी बीन्स निवडायचे. खिडकीबाहेर लवकर अंधारून यायचं, काचेवर वाफ धरायची, आणि त्या वाफेत हळूहळू तळं भरायला लागायचं.

गावाचा चौक तीन बाजूंनी घरांनी बंद आहे आणि चौथी बाजू पाण्याला उघडी. चौकात एक लहानसं घर दगडी खांबांवर उभं आहे, जणू पाय भिजू नयेत म्हणून कोणी वर उचललंय. समोर, होडीने काही मिनिटांवर, एक बेट. बेटावर फार जुनं चर्च. सिन्योरा सांगायच्या, की फार पूर्वी त्या बेटावर साप आणि अजगर होते, आणि एकही नावाडी तिकडे जायला धजेना. मग एक संत आला. त्याने आपला झगा पाण्यावर अंथरला, त्यावर उभा राहिला आणि काठीने वल्हवत पलीकडे गेला. साप गेले आणि चर्च उभं राहिलं. अजगराचं एक भलंमोठं हाड अजून तिथे आतल्या खोलीत टांगलेलं आहे.

"खरंच अजगराचं?" एकदा माझ्या तोंडून निघून गेलं.

"देवमाशाचं असेल," त्या म्हणाल्या. "पण आमच्या तळ्यात देवमासा तरी कुठून आला, ते सांग."

गावामागे एक टेकडी आहे. तिच्यावर झाडांमधून वीस छोटी देवळं विखुरली आहेत. प्रत्येकात मातीचे माणसाएवढे पुतळे, सगळे मिळून एका गरीब साधूचं आयुष्य सांगणारे. जाळीला नाक लावून आत बघायचं. लहानपणी सिन्योरांना एका देवळातल्या मातीच्या कुत्र्याची भीती वाटायची आणि दुसऱ्या एका देवळातला, टोपी घातलेला मातीचा माणूस हुबेहूब त्यांच्या काकांसारखा दिसायचा. आता बेटावर नन्सचा मठ आहे, असं चुलतबहिणीने त्यांना कळवलं होतं. मठाभोवती एक अरुंद गोल वाट आहे. तिच्यावर जागोजागी पाट्या आहेत, शांत राहण्याविषयीच्या. सगळे चालतात, कोणी बोलत नाही.

ती वाट मला फार आवडली. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथेही नन्स होत्या, शांत राहण्याच्या पाट्या होत्या, पण त्या पाट्या धाकाच्या. मराठीत बोललं की ओरडा बसायचा आणि इंग्रजीत चुकलं की हसं व्हायचं, म्हणून मी दोन्ही कमी केलं होतं. बेटावरच्या वाटेवर गप्प राहायला कारण द्यावं लागत नव्हतं. सकाळी ट्रेनमध्ये उभी असताना मी डोळे मिटून ती वाट एकदा पुरी चालायचे. एका हाताला भिंत, मध्येच दोन घरांच्या फटीतून पाणी. दुसरा हात कोटाच्या खिशात, बदामावर.

मार्च संपताना सिन्योरांनी सांगितलं, की मे महिन्यात मुलगा त्यांना ओर्ताला नेणार आहे. त्यानंतर घर विकून त्या एडिनबराला जाणार होत्या. गुडघे गेले होते. ही शेवटची खेप, हे मायलेकांना दोघांनाही माहीत होतं. "मला तिथे एक काम आहे," त्या म्हणाल्या. "फार वर्षांचं."

मग एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरातले सगळे ड्रॉवर टेबलावर उपडे केलेले.

"माझी ग्रेस हरवली," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. धर्माच्या गोष्टीत कोणाला खोदून विचारू नये, असं मला वाटायचं. वय झालं, घर सुटणार, श्रद्धा डळमळली असेल. दुसऱ्या दिवशी त्या जिन्याखालच्या कपाटात वाकून बसल्या होत्या. मी न विचारता खोकी बाहेर काढून दिली. तिसऱ्या दिवशी फ्रिज सरकवला. श्रद्धा फ्रिजमागे का शोधायची, हा प्रश्न मला पडला होता, पण तो विचारायचा कसा ते कळेना. तीन आठवडे मी त्यांच्याबरोबर शोधत होते. काय शोधतोय ते मला माहीत नव्हतं.

रविवारी आईशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं.

"ग्रेस हरवली म्हणजे काय गं? ग्रेसचे मार्क?" आई म्हणाली.

"तसं नाही गं. म्हणजे देवाची कृपा वगैरे."

"कृपा कशी हरवेल? काहीतरी वस्तू असेल. विचार ना त्यांना, तोंड आहे ना तुला?"

तोंड होतं. मी विचारलं नाही.

निघायच्या दोन दिवस आधी, शनिवारी, मुलगा एडिनबराहून आला. पन्नाशीचा, उंच, थकल्यासारखा दिसणारा माणूस. मी बाहेर निघाले होते, कोट घालून जिना उतरत होते, तेवढ्यात तो जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"ममा म्हणते ती ओर्ताला येणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला एक विचारू का? तुमच्या खोलीतल्या कपाटाच्या दारात, आतून, एक खिळा आहे. त्याला एक सिल्व्हर हार्ट होतं. पूर्वी ते माझ्या पलंगावर टांगलेलं असायचं. कॉलेजात असताना मला लाज वाटायला लागली म्हणून मीच आत लपवलं. तिला ते ठाऊक नाही, आणि काय हरवलंय हे मला आजच कळलं. ती सगळं घर शोधत बसली आहे."

सिल्व्हर हार्ट. माझ्या डोळ्यांसमोर काहीच येईना. मग हार्ट म्हणजे बदाम, हे पत्त्यांच्या डावातून आठवलं, आणि खिशातला हात बदामावर थांबला.

तो सांगत होता. तो दोन वर्षांचा असताना तापाने गेल्यातच जमा होता. हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्याच्या आईने बेटावरच्या चर्चमधल्या मेरीमातेला शब्द दिला. पोरगा जगला तर चांदीचं हार्ट स्वतःच्या हाताने आणून वाहीन. पोरगा जगला. हार्ट गावाच्या सोनाराकडून बनवून पोस्टाने आलं. पण नवऱ्याचा कॅफे उन्हाळ्यात बंद ठेवता येईना, मग नवऱ्याचं आजारपण, मग विमानाची भीती. राहून राहून राहिलंच. "आणि आता ते सापडत नाही, तर तिचं म्हणणं, मेरीमातेने ते परत नेलं. पुढचा नंबर माझा. मी सांगतो, ममा, मला बीपीशिवाय काही नाही. ऐकत नाही. रात्री तीनदा फोन करते, मी श्वास घेतोय का बघायला."

नवस. एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींना हा एक शब्द पुरला असता, आणि तो मला आत्ता सुचला.

मी म्हणाले, खोलीत बघून येते. वर गेले, दार लावलं. खिळा तिथेच होता. किल्ली काढून बदाम खिळ्याला लावायचा आणि खाली जाऊन सांगायचं, की कोटामागे होता. कोणाला कळलं नसतं. मी किल्ली काढलीसुद्धा. मग वाटलं, सिन्योरा याला चमत्कार समजतील. गावाला जाऊन सांगतील, चर्चमध्ये सांगतील. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी शाळेपासून धरून चालले होते. ते इथे लागू पडेना. मी किल्ली पुन्हा कडीत घातली, होती तशी, आणि खाली गेले.

सिन्योरा टेबलापाशी बसल्या होत्या. मी ते हार्ट त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी बोटं फिरवली, कडेने, मग अक्षरांवर, मग किल्लीवर येऊन थांबल्या.

"हे काय लागलंय याला?"

"माझी खोलीची किल्ली. मी आल्यापासून हे किल्लीला लावलंय. पी. जी. आर. मला वाटलं, पेइंग गेस्ट रूम."

मुलाच्या नाकातून एक आवाज आला. त्यांनी त्याला इटालियनमध्ये काहीतरी विचारलं, त्याने सांगितलं, मग मला म्हणाला, "पेर ग्रात्सिया रिचेवुता. मिळालेल्या कृपेसाठी. आमच्याकडे असल्या सगळ्याच हार्टवर हे कोरतात, म्हणून ममा याला ग्रेस म्हणते."

"आल्यापासून?" सिन्योरा म्हणाल्या.

"हो."

"रोज?"

"रोज. ऑफिसलाही."

"आणि फ्रिज ओढत होतीस तेव्हा?"

"तेव्हाही खिशातच होतं."

"मग काय शोधत होतीस?"

"माहीत नव्हतं."

"माहीत नसताना तीन आठवडे?" त्या मुलाकडे वळल्या. "हिला मठात पाठव. अशीच लागतात त्यांना." त्यांचा आवाज कडक होता आणि मला वाटलं आता रडू येणार, मला नाहीतर त्यांना. त्या खरंच रागावल्या होत्या. गुडघ्यांवर रांगले मी तुझ्यासमोर, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी दोन्ही वेळा सॉरी म्हटलं. मग बराच वेळ त्या बदामाचा पत्रा अंगठ्याने चोळत राहिल्या. किल्लीने त्यावर आडवेतिडवे ओरखडे पडले होते.

"ट्रेनमधून लंडनला जायचं हे? पावसात?"

"हो."

"पंचेचाळीस वर्षांत मी याला कुठे नेलं नाही," त्या म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, पॉलिश करून घेऊ. त्यांनी नको म्हटलं. जाताना त्यांनी मलाही चल म्हटलं, पण माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत अडकला होता. तो आठवडा मी त्या घरात एकटी काढला. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून बीन्स निवडले, काचेकडे बघितलं. मे महिन्यात काचेवर वाफ धरत नाही. तरी मला होडी दिसली, तिच्यात कोट घालून बसलेल्या सिन्योरा, आणि पर्सवर घट्ट धरलेले दोन्ही हात.

त्या परत आल्या त्या नन्सनी भाजलेला पाव घेऊन, आत अंजीर आणि अक्रोड घातलेला, पांढऱ्या सुतळीने बांधलेला. कोट काढला, चहा घेतला, विमानातल्या सँडविचला नावं ठेवली. मुख्य गोष्ट सांगेनात. मी वाट पाहिली, आणि मग माझं मलाच नवल वाटलं, कारण मी विचारलं.

"सिन्योरा, घेतलं का त्यांनी?"

त्यांनी कप खाली ठेवला. "अरे वा," त्या म्हणाल्या. "हिला तोंड आहे."

मग त्यांनी सांगितलं. मुलाने त्यांना जवळजवळ उचलूनच होडीत ठेवलं. चर्चमध्ये भिंतीवर आता जागा नव्हती. एका ननने जाळीमागून ते हातात घेतलं आणि म्हणाली, जुनी हार्ट कपाटात ठेवतात, हेही तिथेच ठेवू. "म्हणजे बघ, कपाटातून निघून कपाटातच," सिन्योरा म्हणाल्या. पण आधी त्यांनी ते स्वतःच्या हाताने मेरीमातेच्या पायाशी ठेवलं होतं, रोझरीची सगळी जपमाळ म्हणून होईपर्यंत. मुलगा शेजारी उभा होता. श्वास घेत होता.

ननने ओरखड्यांबद्दल विचारलं होतं. तेव्हा सिन्योरांनी तिला पेइंग गेस्ट रूमची सगळी हकीकत सांगितली. ननला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ती इतकी हसली की आतून दुसरी कोणीतरी येऊन तिला गप्प करून गेली.

पावाची सुतळी मी किल्लीला बांधली. ऑगस्टमध्ये घर विकलं गेलं तेव्हा सिन्योरांच्या हातात किल्ली दिली ती सुतळीसकट. त्यांनी ती चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, ही कशाची खूण, हे नव्या माणसाला कधीच कळणार नाही. मी म्हटलं, विचारलं तर सांगता येईल.