जावयानं उडवलेली मापं

माझा जावई संगणकातला. प्रोग्राम लिहितात दुसरेच, हा ते गिऱ्हाइकाच्या यंत्रात नीट बसतील अशी बांधणी करतो. कुठली फाइल कुठं जायची, जुनं काय काढायचं, ते एका स्क्रिप्टमध्ये लिहून देतो. लग्न ठरताना मी लेकीला म्हटलं होतं, "म्हणजे नुसतं सामान लावायचं काम?" ती आठवडाभर फुगून बसली. पण माणूस लाखमोलाचा हो. घरातलं कपाट उघडलं की वस्तू जागच्या जागी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

माझं शिवणाचं दुकान. गिऱ्हाइकांची मापं ठेवायचा प्रोग्राम त्याच्याच कंपनीचा. नवी आवृत्ती आली तेव्हा बाकीच्या शिंप्यांना पाठवण्याआधी ती माझ्याकडे लावून बघायची ठरली. मी म्हटलं, "करा, आमच्यावरच हात साफ करा." तो लाजून हसला.

माझ्या यंत्रात दोन फोल्डर. 'मापं', त्यात चालू कामं. आणि 'मापं जुनी', ते काढून टाकायचं होतं. काढायचं फोल्डर कुठलं, असं प्रोग्रामनं विचारलं, मी नाव दिलं, जावयानं बटण दाबलं. जुनी राहिली जागेवर आणि चालू मापं गेली. नक्कल ठेवली होती का विचाराल, तर कसली डोंबलाची नक्कल. त्यात अख्ख्या गायनमंडळाच्या कोटांची मापं होती, कार्यक्रम तोंडावर आलेला आणि कापड येऊन पडलेलं.

चूक त्यानंच शोधली. फोल्डरचा पत्ता स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल नावाच्या एका खणात धरतात म्हणे, आणि वापरताना अवतरणचिन्हांत घालतात. एका ओळीत ते राहिलं होतं. मग नावात मोकळी जागा दिसली की यंत्र तिथंच नाव तोडतं आणि दोन नावं समजतं. 'मापं' सापडलं, ते उडवलं. 'जुनी' नावाचं काही नव्हतंच.

"आमच्या ऑफिसात सगळे जोडूनच नावं देतात, म्हणून कधी कळलं नाही," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग बाहेरच्या माणसांनी काय करायचं, जावईबापू?" असं म्हणून मी चहा ठेवायला उठले. काय करणार?

त्यानंतर तो फिरकेना. लेकीचा फोन आला, धड जेवत नाही, आईंना काय तोंड दाखवू म्हणतो. मी उखडलेच. म्हटलं, "तोंड राहू दे, हात घेऊन या म्हणावं. मापं घ्यायचीत."

आला मुकाट्यानं. गायनमंडळ पुन्हा बोलावलं. मी टेप लावून आकडा सांगायची, तो टाइप करायचा. निम्म्यांची पोटं मधल्या काळात आणखी सुटलेली. खालच्या सुरात गाणारे एक काका म्हणाले, "बरं झालं गेली ती मापं, तो कोट मला बसला नसता." जावई इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसला. कोट वेळेवर गेले.

मग एका दुपारी तो दुरुस्त केलेली आवृत्ती घेऊन आला. ओळ न् ओळ तपासलेली, वाट्टेल तशी नावं देऊन पाहिलेली, मापांची नक्कलही काढून ठेवलेली. तरी बटणापाशी बोट अडलं.

"आई, आधी दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर बघू या का?"

"माझ्यावर विश्वास नाही की स्वतःवर?"

मी त्याचा हात बाजूला सारला आणि बटण दाबलं. 'मापं जुनी' गेलं. 'मापं' उघडलं, तर सगळं गायनमंडळ पोटांसकट जागेवर. पोराचे डोळे भरून आले, आणि माझेही.

"आता पाठवा सगळ्यांना," मी म्हटलं.