मूर्तिजापूरची अदलाबदल

हिवाळ्यात अकोल्याहून सकाळच्या एसटीने अमरावतीला निघालं की बोरगाव मंजूपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. धुकं, मधूनच एखादी बाभूळ आणि काचेत आपलाच झोपाळू चेहरा. मी बरीच वर्षं त्या अर्धवट झोपेत गणित केलं. कागद लागायचा नाही. डोळे मिटले की शेत दिसायचं, आणि शेतभर फुल्या.

ते शेत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं. माझे वडील तिथे नोकरीला होते. कपाशी लावण्याआधी जमिनीवर उभ्या रेघा ओढायच्या, मग आडव्या, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या फुलीवर सरकी टोबायची. शाळेला सुट्टी असली की बाबा मला सोबत नेत. मी एका कोपऱ्यातून निघायची आणि रेघांवरून चालत समोरच्या कोपऱ्यातल्या निंबाच्या झाडापर्यंत जायची. मागे फिरायचं नाही, एवढाच माझा नियम. किती वेगवेगळ्या वाटांनी जाता येईल, असं बाबांना विचारलं तर ते म्हणाले, चालून पाहा, आणि आपल्या कामाला लागले. मी दिवसभर चालले. उत्तर काही आलं नाही, पाय तेवढे दुखले.

अकरावीत त्याचं सूत्र फळ्यावर आलं, एका ओळीत. बाकीच्या मुली खूश झाल्या. मला राग आला. एवढ्या सगळ्या वाटा एका ओळीत कोंबून टाकल्या आणि निंबाच्या झाडाचा पत्ताच नाही.

तो राग माझ्या अंगात राहिला आणि मी गणिताची शिक्षिका झाले. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मला नोकरी लागली. तिथली पोरं पहाटे क्लासला जातात आणि माझ्या तासाला जांभया देत येतात, कारण क्लासमध्ये त्यांना सूत्र आधीच मिळालेलं असतं. दहा जणींतून रांगोळीसाठी तिघी निवडायच्या असोत की सात, उत्तर एकच का येतं, असं विचारलं की ती आकडेमोड करून दाखवत. मी पुसून टाकायची. आकडे कशाला हवेत? तिघींना निवडलं की सात जणी आपोआप मागे राहतात. प्रत्येक निवडीला तिची अशी एकच मागे राहिलेली टोळी असते, आणि त्या टोळीवरून पुन्हा त्या तिघी ओळखता येतात. जोड्या लागल्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. पंगतीत प्रत्येक पत्रावळीपुढे एक माणूस बसला आणि कोणी उभं राहिलं नाही, तर पत्रावळी किती अन् माणसं किती हे कोण मोजतं? पोरं म्हणायची, मॅडम, हे परीक्षेत चालते का?

घरी अकोल्यात बाबा एकटे होते. आई मी शिकत असतानाच गेली होती, आणि मी लग्न केलं नाही. अमरावतीला राहायला चला म्हटलं की ते चपला घालून सरळ अंगणात जाऊन उभे राहत. म्हणून मी अपडाऊन करायची. मग ते विसरू लागले. आधी चष्मा, मग गल्ली, मग एकदा शेजारच्या काकूंना ते माझं नाव सांगू शकले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. दुपारी त्यांचं डोकं लख्ख असायचं, जुनं सगळं आठवायचं. दिवे लागायच्या वेळी मात्र ते घाबरेघुबरे होत आणि घरातच घर शोधत फिरत. मी घरी पोचायची ती नेमकी दिवे लागताना. काकूंना चांगले बाबा मिळत आणि मला हरवलेले. ते मला ओळखतात तोवरच्या दुपारी मला हव्या होत्या. दुसरं काही नको होतं.

याच दिवसांत ती भेटली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर अकोल्याहून येणारी आमची गाडी आणि अमरावतीहून येणारी समोरची गाडी साधारण एकाच वेळी लागायच्या, आणि दोन्हींचे ड्रायव्हर चहाला उतरायचे. टपरीच्या बाकावर एक बाई मांडीवर उत्तरपत्रिका घेऊन लाल पेन चालवत होती. मी डोकावले. प्रश्न निवडीचाच होता. पोराने ज्यांना घ्यायचं त्यांच्याऐवजी ज्यांना वगळायचं त्यांना मोजलं होतं, उत्तर बरोबर होतं, आणि बाईंनी अर्धे गुण कापले होते. मला राहवलं नाही. पूर्ण द्या म्हणून मी सांगितलं. तिने वर पाहिलं.

"तुमी कोन?" ती म्हणाली.

मी कोण ते सांगण्यात माझा चहा गार झाला. ती आमच्याच संस्थेच्या अकोल्याच्या कॉलेजात गणित शिकवायची आणि राहायची अमरावतीला. घरी लहान मुलगी होती. आम्ही गाड्यांचे हॉर्न वाजेपर्यंत भांडलो. दुसऱ्या दिवशी तिने मला ती उत्तरपत्रिका दाखवली. गुण पूर्ण केले होते, पण मॅडम, तुमच्यामुळे नाही, मी रात्री स्वतः विचार केला, असं ठासून सांगितलं. तिथून आमची गट्टी जमली.

रोज तेवढाच वेळ, एका चहापुरता. ती माझ्या बाबांसाठी डब्यात दह्यात भिजवलेला गिलावडा आणायची आणि मी संध्याकाळी तो त्यांच्यापुढे ठेवून तिच्या गोष्टी सांगायची. त्या घाबऱ्या वेळेला ते फक्त या गोष्टींनी शांत व्हायचे. तिने काय म्हटलं, मी काय म्हटलं, कोणाची गाडी आधी सुटली. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते तिला अमरावतीवाली म्हणत.

एका धुक्याच्या सकाळी मी तिला माझी सगळ्यात लाडकी सिद्धता सांगितली. बाबांच्या शेतात दोन माणसं दोन कोपऱ्यांतून निघतात, प्रत्येकाचं पोचायचं ठिकाण वेगळं. दोघांच्या वाटा कुठेतरी मिळतात. जिथे पहिल्यांदा मिळतात त्या फुलीवर थांबायचं आणि पुढच्या वाटांची अदलाबदल करायची. हा त्याच्या वाटेने जाईल, तो याच्या. आता दोघं एकमेकांच्या ठिकाणी पोचतील. गंमत अशी की भेटीची फुली जिथल्या तिथे राहते. म्हणून त्याच फुलीवर पुन्हा अदलाबदल केली की सगळं होतं तसं. काहीच हरवत नाही. मोजायला अवघड वाटणाऱ्या वाटा अशा एकेक करून सोप्या वाटांशी जोडता येतात.

तिने एसटीच्या ओलसर काचेवर बोटाने दोन रेघा काढल्या. एक अकोल्याहून येणारी, एक अमरावतीहून. मधे फुली. मग त्या फुलीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"आपन काहून नाई करत?" ती म्हणाली. "इथून पुढं तू माह्या वाटेनं जा, मी तुह्या वाटेनं जातो. दोघीबी घरी."

संस्थेत आपसी बदली मिळते. विषय तोच हवा, पद तेच हवं, आणि दोघींची तयारी हवी. मी शिकवायची जोड्यांचं गणित, आणि माझी जोडी रोज समोर चहा पीत होती. मला हे सुचलं नाही, तिला सुचलं. अर्ज केला, चकरा मारल्या, आणि जूनमध्ये मी अकोल्यात रुजू झाले. इथलं कॉलेज दुपारीच सुटायचं. भर दुपारी मी घरात.

त्या दुपारींबद्दल मला फार लिहिता येणार नाही. बाबा पलंगावर, मी खाली चटईवर, पंख्याचा आवाज, आणि ते सांगत असलेली शेतं. मला झोप लागायची आणि झोपेतही शेत चालूच राहायचं. मी सुखी होते.

फक्त एकच. मी चपला काढल्या रे काढल्या की ते विचारायचे.

"भेटली काय वं तुह्यी अमरावतीवाली?"

सुरुवातीला मी समजावून सांगितलं. बाबा, बदली झाली, आता आमची भेट होत नाही. त्यावर ते कासावीस होत. भांडण झालं काय, तिचं पोरगं बिमार हाये काय, असं संध्याकाळपर्यंत चालायचं. मग मी भेटली म्हणू लागले. ते निवांत व्हायचे. काचेवरच्या त्या गणितात एक गोष्ट आम्ही दोघींनी पाहिली नव्हती. सिद्धतेत फुली जागेवर राहते. आमच्या बदलीत फुलीच पुसली गेली. ती फोन करायची, पण फोनवर तिला गप्पा जमत नाहीत, बाई उगाच ओरडते. समोर चहा असल्याशिवाय आम्हा दोघींना बोलता येत नव्हतं. मला तिची फार आठवण यायची.

पुढच्या हिवाळ्यात बाबाच म्हणाले, मले भेटव एक डाव तिले. मी तिला कळवलं. एका रविवारी मी बाबांना स्वेटर, मफलर घालून एसटीत बसवलं आणि मूर्तिजापूरला उतरवलं. ती आधीच येऊन बाकावर बसली होती, मांडीवर डबा. थोडी जाड झाली होती. मी तसं म्हटलं, तिने मला त्याहून वाईट काहीतरी ऐकवलं, आणि आम्हाला दोघींनाही रडू आलं.

बाबांनी चहा संपवला. तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग उठून तिचा हात धरला.

"चाल वं बाई, घरी जाऊ," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने, "तुमी अमरावतीले जासान न? जपून जा."

मला वाटलं होतं, हे कधीतरी होणार म्हणून माझी तयारी आहे. तयारी नव्हती. "बाबा, मी..." एवढंच मी म्हणू शकले, तर तिने दुसऱ्या हाताने माझा दंड दाबला.

"काही बोलू नको," ती हळूच म्हणाली. "दोनदा केलं की जागेवर येते. तूच सांगतलं होतं."

ती त्यांच्यासोबत अकोल्याच्या गाडीत चढली. दोघं शेजारी बसले, मी मागच्या सीटवर. बाबांनी तिचा हात सोडला नाही. धुकं विरलं होतं आणि दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी पांढरी दिसत होती. बाबा तिला सांगू लागले की तू लहान होती, शेतात रेघांवरून चालत होती, दिवसभर. मी पुढे वाकले. ते म्हणत होते, मले विचारलं तुनं, किती वाटा हायेत. मलेच येत नव्हतं, म्हून म्हटलं, चालून पाह्य. पण मी कामात नव्हतो वं. मी दुरून पाह्यत होतो, तू निंबाजवळ पोचतं का नाई.

तिने विचारलं, मग पोचली का बाबा? दरवेळी पोचली, ते म्हणाले.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि बोरगाव येईपर्यंत डोळे पुसत राहिले. त्या क्षणी मला तिचा हेवाही वाटला, खरं सांगायचं तर. माझ्या नावाचं सगळं तिला मिळत होतं, आणि ती ते अगदी जपून घेत होती.

घरी तिने चहा केला, त्यांना गिलावडा खाऊ घातला, मफलर घडी करून ठेवला. ते तिला, लेकीला म्हणावं तसं, बाई म्हणत राहिले आणि मला पाहुणीसारखं बसा म्हणाले. मग तिची परतीची गाडी होती. मी तिला ऑटोपर्यंत सोडायला गेले. ऑटोत बसताना ती म्हणाली की महिन्यातून एकदा तरी मूर्तिजापूरला यायचं, नाही आली तर गुण कापीन.

मी परत फिरले तेव्हा दिवे लागत होते. बाबांची वाईट वेळ. दारात चपला काढताना आता आत कोण म्हणून जायचं ते कळत नव्हतं. बाबा पलंगावर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"आली काय वं? भेटली काय तुह्यी अमरावतीवाली?"

"भेटली, बाबा," मी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी ते खरं होतं.

"चांगली पोरगी हाये," ते म्हणाले. "सारा रस्ता माहा हात धरून होती थे."

हो बाबा, म्हणून मी त्यांच्याजवळ बसले.