गुरांच्या डॉक्टरची सही

मी मॅट्रिक झाले तेव्हा आई खुरपायला जायची. स्कॉलरशिप मिळाली तरच पिंपरीचं कॉलेज. फॉर्मची मुदत त्या शनिवारी संपत होती आणि गुणपत्रिकेच्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी होती. दोन साहेबांनी "सोमवारी या" म्हणून पिटाळलं. उरला गुरांचा डॉक्टर, आणि तो चाकणच्या बैलबाजारात. तिथं बाईमाणूस मी एकटीच.

तो एका बैलाचे दात पाहत होता. हात पँटला पुसून त्यानं नक्कल बैलाच्या पाठीवर पसरली आणि मूळ कागदाशी ताडत मोठ्यांदा वाचू लागला.

"गणित, ब्याऐंशी!"

व्यापारी सौदे सोडून वळले.

"शास्त्र, अठ्ठ्याहत्तर!"

"लई हुशार हाय की पोर!" एक म्हातारा म्हणाला. मी लाजून चूर.

"लाजतेस काय?" डॉक्टर म्हणाला. "इथं प्रत्येक बैलाचं कौतुक त्याचा मालक ओरडून करतो. तुझं कोण करणार?"

पुढची ओळ इंग्रजीची. पस्तीस. मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा तो वाकून बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटत होता. मग त्यानं झोकात सही केली.

पुढं तीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. ते पस्तीस मात्र आम्हा तिघांतच राहिले.