पोर ताब्यात घ्यायचं कार्ड

शाळेच्या बाबतीत माझ्याशी कोणी बरोबरी करू नये, जपानमध्ये मी एकाच वेळी तीन शाळांचा पालक होतो. पोरगी एकच, आणि मी स्वतः चौथी नापास, तीही दोनदा.

मी मूळचा मिरजेकडचा. पुण्यात हॉटेलात कांदे कापले, मग टोकियोत एदोगावाला एका इंडियन हॉटेलात कापले, तिथनं मालकानं सेंदाईला नेलं, तिथं पण कांदेच. तो मोठा भूकंप आणि समुद्राची लाट येऊन दुसरं वर्ष चालू होतं. मालक म्हणाला, वर समुद्रकाठच्या गावात बांधकामाची माणसं खूप आलीत, दुपारचं जेवायला काही मिळत नाही त्यांना, तू जा. गेलो. गाव म्हणजे खाली नुसती सपाट जमीन होती. त्यावर डंपर फिरायचे. एका बाजूला दुकानांसाठी लोखंडी डबे ओळीनं मांडलेले. एकात न्हावी, एकात मासेवाला, एकात बँक, आणि शेवटच्यात मी. माझं नाव कोणाला बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे मला करी-सान म्हणायचे. आमटीसाहेब म्हणावं तसं.

सहा महिन्यांनी बायको आणि पोरगी आली. बायकोला माशांच्या कारखान्यात काम मिळालं, पोरगी शाळेत गेली, दुसरीत. तिथल्या तीन गावांच्या तीन शाळा पाण्यानं गेल्या होत्या. टेकडीवर एक जुनी इमारत शिल्लक होती, तिच्यात तिन्ही शाळा भरायच्या. गेटवर तीन पाट्या. मास्तरांच्या एकाच खोलीत तीन हेडमास्तर, आणि रोज सकाळी ते तिघं एकमेकांना वाकणार. खेळांच्या दिवशी तीन शाळांची तीन गाणी एकापाठोपाठ एक व्हायची. मी तिन्हीला छातीवर हात ठेवून उभा राहिलो. तिथं छातीवर हात ठेवत नाहीत. पण मला कोणी बोललं नाही. तिथं कोणी काही बोलतच नाही.

पालकांच्या सभेला गेलो तर शेजारी शेजारी तीन वर्गांत तीन सभा. पाट्या मला वाचता येईनात. ज्या वर्गात चहाचा मोठा थर्मास दिसला तिथं बसलो. तासभर मान हलवली. शेवटी एकानं काहीतरी विचारलं, सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी "हाय" म्हणलं. त्यांच्या भाषेत हाय म्हणजे हो. टाळ्या पडल्या. घरी येऊन पोरीला कागद दाखवला. ती म्हणाली, "बाबा, तू गवत कापायच्या मंडळात आलास. पण ही आपली शाळा नाही."

त्या दुसऱ्या शाळेचं गाव आता नव्हतंच. घरं नव्हती, दुकानं नव्हती, शाळा तेवढी होती, तीही आमच्या इमारतीत. त्यांचे पालक मोजके. मी वर्षभर त्यांच्याबरोबर महिन्यातनं एका रविवारी गवत कापलं. चुकून आलोय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वर्ष संपल्यावर त्यांनी वाकून आभार मानले आणि मला एक कात्री दिली. मी पण वाकलो. कोणी हसलं नाही. मी एक विनोद केला, तोही तसाच खाली पडला. त्या गावात माझे विनोद असेच पडायचे. उचलायला कोणी वाकायचं नाही, एरवी सगळ्याला वाकायचे.

माझ्या डब्यात सकाळी एक म्हातारी यायची, कांदे सोलायला. वय सत्तरीचं, पाठ वाकलेली, तोंड फटकळ. मी तिला आजी म्हणायचो, ती मला करी-सान. पहिल्याच दिवशी माझी डाळ चाखून म्हणाली, "हे काय, पाण्यात पिवळा रंग?" तेव्हापासून आमचं जमलं. तिच्या घरचे गेलेत एवढं मला माहीत होतं. कोण, किती, कसे, ते मी विचारलं नाही. तिथं सगळ्यांच्याच घरचं कोणी ना कोणी गेलं होतं, आणि दुकानात येऊन लोक काय विचारायचे, तर आज भात जास्त मिळेल का. मला पण तीच सवय लागली. कोणी रडताना दिसलं नाही, म्हणून आपण हसवायचं बंद करावं असंही वाटलं नाही. चालू होतं ते चालू होतं.

एप्रिलमध्ये शाळेतनं एक जाड कागदाचं कार्ड आलं. भूकंप झाला, लाटेचा इशारा आला, तर पोराला शाळेतनं कोण नेणार, त्यांची नावं त्यावर लिहायची. तीन ओळी. ज्याचं नाव कार्डावर नाही, त्याला मूल द्यायचं नाही. सख्खा काका आला तरी नाही. मी कार्डाचा फोटो काढून सेंदाईला एका मराठी मुलाला पाठवला. डॉक्टरेट करत होता तिथं, आमच्या जुन्या हॉटेलात जेवायला यायचा. त्यानं बिचाऱ्यानं सगळं मराठीत लिहून पाठवलं, वर लिहिलं, "काका, खालची ठळक ओळ नीट वाचा. इशारा उठेपर्यंत शाळा मूल सोडणार नाही. पालकांनी पण वरच थांबायचं." मी त्याला अंगठा पाठवला. वाचलं काही नाही. एवढं लांबलचक कोण वाचणार, आणि वाचायची सवय असती तर कांदे कशाला कापले असते.

पहिल्या ओळीत बायको, दुसऱ्या ओळीत मी. तिसऱ्या ओळीला कोण? आमच्याकडं असतं तर मी अख्खी गल्ली लिहिली असती. तिथं आमचं कोण होतं? मी आजीला म्हणलं, "आजी, तुमचं नाव घालू का?"

ती सोलत राहिली. हातातला कांदा झाला, दुसरा घेतला, तोही झाला.

"तुझ्या पोरीचं वय काय?"

"आठ."

तिनं अजून एक कांदा घेतला. मग एप्रनला हात पुसले, पिशवीतनं नावाचा शिक्का काढला, तिकडं सहीऐवजी तोच मारतात, आणि कार्डावर उमटवला. "दे आता कांदे," म्हणाली. मी म्हणलं, "आजी, तुम्ही आता आमच्या घरच्या झालात, पगार बंद." ती म्हणाली, "पगार वेळेवर कधी होता?"

जूनमध्ये त्याची तालीम झाली. पालकांनी दुपारी शाळेत जायचं, कार्ड बघून मास्तरीणबाई मूल देणार. मी सगळ्यात आधी पोचलो. पोरगी घेतली. बाजूला आमच्या ओळीतल्या मासेवाल्याचे दोघं उभे होते, त्यांना पण म्हणलं, चला रे. ते निघाले माझ्याबरोबर. गेटपर्यंत गेलो तर मागनं बाई धावत आल्या, केस सुटलेले, तोंड पांढरं. मला वाटलं खरंच भूकंप झाला.

"ओतोसान," त्या म्हणाल्या. तिकडं मास्तर लोक पोरांच्या बापाला तसंच म्हणतात, पोराचे बाबा. "ओतोसान, ही दोघं तुमची नाहीत."

मी म्हणलं, "बाई, आमच्याकडं जो पहिला येतो तो सगळ्यांची पोरं नेतो."

त्यांनी खिशातनं वही काढली आणि ते लिहून घेतलं. मग दोघांना हाताला धरून परत नेलं. पोरांचे हात त्यांनी केवढे घट्ट धरले होते, ते मी बघितलं. त्यावर पण मला विनोदच सुचला होता. घरी गेल्यावर पोरगी माझ्याशी जपानीत बोलली, म्हणजे ती चिडली होती. चिडली की तिचं मराठी जायचं.

पुढं दोन वर्षं गेली. तीन हेडमास्तरांचे दोन झाले. खाली जमीन भरून उंच करायचं काम चालूच होतं. लोक हळूहळू वरच्या नव्या घरांत जायला लागले, कोणी सेंदाईला गेले, पोरं कमी होत गेली. पालकांच्या सभेत बसायला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. मी आता बरोबर वर्गात बसायचो, थर्मास तिकडंच राहायचा.

मग एका सकाळी हललं. थंडी सुरू झाली होती. मी फोडणी घालत होतो. हलायचं तर तिथं रोजच, मी डाव हलवत राहिलो. पण हे थांबेना. भांडी पडली. फोन ओरडायला लागले, माझा, आजीचा, बाहेर डंपरवाल्यांचे, सगळे एकाच आवाजात. आजीनं गॅस बंद केला, माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि बाजूला ठेवला. बाहेर खांबावरच्या भोंग्यातनं बाई सांगत होती, लाटेचा इशारा आहे, उंचावर जा. फार शांत आवाजात. रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं.

"वर," आजी म्हणाली.

मालकाची छोटी गाडी होती. आजीला बसवलं आणि गाडी शाळेकडं चढवली. बायकोला फोन लावत होतो, लागत नव्हता. तिचा कारखाना खाडीपलीकडं, पाण्याला लागून. माझ्या डोक्यात एकच. वर जायचं, पोरीला गाडीत घालायचं, खालच्या रस्त्यानं पुलावरनं जायचं, बायकोला उचलायचं, मग तिघं कुठं पण जाऊ, पण तिघं एका गाडीत. मला भीती वाटत होती असं म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं. फोडणीतली मोहरी जळली असणार, हे मात्र दोनदा मनात येऊन गेलं.

पोरं शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये रांगेत बसली होती, डोक्यावर जाड कापडी टोप्या. आवाज नाही. आधी आलेले पालक भिंतीकडेला बसले होते. माझी पोरगी दिसली. मी सरळ रांगेत घुसलो आणि तिचा दंड धरला. बाई मध्ये आल्या, त्याच, गेटवाल्या.

"ओतोसान, तुम्ही इथंच थांबा. मुलगी आता देता येणार नाही."

"माझं नाव आहे कार्डावर. दुसऱ्या ओळीत."

"हो, आहे. इशारा आहे तोवर कोणालाच देता येत नाही. कार्डावर लिहिलंय."

"तिची आई खाली आहे," मी म्हणलं. "मी दहा मिनिटांत जाऊन येतो. हिला घेऊन जातो, तिघं बरोबर राहू."

"नाही."

जपानमध्ये इतक्या वर्षांत मला कोणी तोंडावर नुसतं 'नाही' म्हणलं नव्हतं. त्यांच्याकडं त्याला बरीच आडवळणं असतात. बाई वाकल्या पण नाहीत. मग मी मराठीत सुटलो. बाईला, हेडमास्तरांना, समुद्राला, सगळ्यांना शिव्या. कोणाला कळत नाही म्हणून जास्तच. म्हणलं, माझी पोर आहे, मी बाप आहे, तुम्ही कोण अडवणारे? पोरगी खाली मान घालून बसली होती. कळणारी तिथं ती एकटीच. तिनं माझी बोटं एक एक करून दंडावरनं काढली आणि जपानीत म्हणाली, "बाबा, नको ना. सगळे बघतायत."

बायको त्या वेळी समोरच्या टेकडीवरच्या देवळात होती, कारखान्याच्या सगळ्या बायकांबरोबर. भोंगा वाजल्यावर पाच मिनिटांत ते लोक वर चढले होते, तिथं कोणीतरी चॉकलेट पण वाटलं होतं. पाणी आलं ते जेमतेम गुडघाभर, बंदराच्या भिंतीच्या आतच राहिलं. पुलाला काही झालं नाही. मी गेलो असतो तरी काही झालं नसतं. पण हे सगळं कळायला दोन तास होते. त्या वेळी मी हॉलच्या मध्यात उभा होतो, गाडीची किल्ली हातात, आणि दाराकडं वळलो होतो. म्हणलं, पोर देत नाही तर राहू दे, मी एकटा जातो.

दारात आजी उभी होती. इतका वेळ ती माझ्या मागनं जिने चढत होती, धाप लागली होती. तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. कांद्याचा वास असलेला एप्रन. मी म्हणलं, "आजी, तुम्ही तरी सांगा यांना. तुमचं पण नाव आहे कार्डावर."

आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्यामुळं नाही, ते मला नंतर कळलं.

आजी काही मोठ्यानं बोलली नाही. डाळ पातळ झालीय असं सांगताना जो आवाज असायचा, त्याच आवाजात म्हणाली, "माझा मुलगा पण असाच आला होता. नातवाला घेतो आणि बायकोला आणायला जातो म्हणाला. त्या वेळी कार्ड नव्हतं, शाळेनं नातू दिला. तू काही त्याच्याहून शहाणा नाहीस, करी-सान. बस तिकडं भिंतीला. आणि आधी ते बूट काढ, लाकडी फरशीवर चिखल करून ठेवलायस."